डॅक आता आणखी किती सुधारणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला डॅक आहे, म्हणजे डिजिटल गाण्यातल्या आकड्यांचा अँनालॉग सिग्नल करणारा डबा. आत बर-ब्राउनची पीसीएम १७९४ए चिप. लॅपटॉपवरून यूएसबीने गाणी, डॅकमधून जुन्या स्टीरिओ अँपला, तिथून बुकशेल्फ स्पीकरना. दुकानदाराचं म्हणणं पडलं की मधल्या काळात डॅक कुठल्या कुठे गेलेत, चाळीस-पन्नास हजार घाला, फरक पहिल्या मिनिटात कळेल. तर हे तंत्रज्ञान खरंच अजून पुढे सरकतंय, की पोचायचं तिथे पोचलंय? आणि पैसे घालावेत का?

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. आकड्यांचं व्होल्टेज करणं हे डॅकचं मूळ काम. माणसाच्या कानाच्या हिशेबाने ते केव्हाच पूर्ण झालंय. मोजयंत्राच्या हिशेबाने शेवटच्या काही डेसिबलांची झटापट चालू आहे, पण तिथे आता भौतिकशास्त्रच आडवं येतं. मात्र डॅक म्हणून आपण जो डबा विकत घेतो त्यात चिप सोडून पॉवर सप्लाय, अँनालॉग भाग, यूएसबीचा भाग, सॉकेटं, सॉफ्टवेअर असं बरंच काही असतं, आणि तिथे माती खायला आजही भरपूर वाव आहे. त्यामुळे दुकानात ऐकू आलेला फरक खरा असू शकतो. त्याचं कारण मात्र बहुधा दुकानदार सांगतो ते नसतं.

मी स्टुडिओंची यंत्रं बसवतो आणि दुरुस्त करतो, अर्ध्याहून जास्त वेळ टेबलावर उघड्या सर्किटसमोर जातो. म्हणून जरा आतून सांगतो.

सोनीचा सीडीपी-१०१ हा सीडी प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ ला जपानमध्ये विक्रीला आला. त्याच्यात डॅक एकच होता. डावा आणि उजवा चॅनल आळीपाळीने त्याच्यातून जायचे, म्हणून एक चॅनल दुसऱ्याच्या मागे ११ मायक्रोसेकंद राहायचा. पुढे २० किलोहर्ट्झच्या वरचं सगळं एका झटक्यात कापणारे उभ्या उताराचे अँनालॉग फिल्टर, तेही गुंतागुंतीचे. फिलिप्सची गंमत वेगळी. सीडी १६ बिटची ठरली खरी, पण त्यांच्या हातात भरवशाची चिप होती ती १४ बिटची, टीडीए १५४०. त्यांच्या इंजिनिअरांनी मग सँपलिंगचा, म्हणजे सेकंदाला किती नमुने जातात त्याचा, वेग चौपट केला आणि प्रत्येक नमुन्यात उरलेली चूक पुढच्या नमुन्यात अशी मिसळली, की ती ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या वर ढकलली जावी. १४ बिटच्या चिपमधून १६ बिटचं काम काढलं. आजच्या जवळपास प्रत्येक डॅकच्या मुळाशी हीच युक्ती आहे, फक्त खूप ताणलेली.

ती युक्ती का लागली हे कळलं की बाकीचं सोपं होतं. जुन्या पद्धतीचा डॅक म्हणजे रेझिस्टरची शिडी, आर-टू-आर. प्रत्येक बिटला एक पायरी, वरची पायरी खालच्यापेक्षा दुप्पट वजनाची. १६ बिटांत एकूण ६५,५३६ पातळ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीचं वजन ०.००१५ टक्क्याच्या आत अचूक हवं. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जो चांगला मेटल फिल्म रेझिस्टर मिळतो तो १ टक्क्याचा. कारखान्यात लेझरने एकेक रेझिस्टर खरवडून जुळवायचे, आणि जुळवले तरी तापमान बदललं की हलायचे. त्यातही वाईट गोष्ट ही, की सगळ्यात मोठी चूक पडते शून्याच्या आसपास, जिथे वरचा बिट चालू होतो आणि खालचे सगळे एकदम बंद होतात. संगीत जोरात असताना ही चूक झाकली जाते. तानपुरा विरत जातो, गायक श्वास घेतो, तिथे ती उघडी पडते. सुरुवातीच्या काही प्लेअरांना लोक ‘कोरडा’, ‘काचेसारखा’ म्हणायचे. ती सगळीच तक्रार काल्पनिक नव्हती.

डेल्टा-सिग्मा पद्धतीने वजनांची ही कटकट बाजूला ठेवली. अचूक पायऱ्या हजारो करण्यापेक्षा मोजक्याच ठेवायच्या आणि त्यांची उघडझाप सेकंदाला लाखो वेळा करायची. ४४.१ किलोहर्ट्झच्या ६४ पट, म्हणजे २.८ मेगाहर्ट्झ, हा नेहमीचा वेग. सिलिकॉनला बारीक वजनं जमत नाहीत, पण वेळेच्या बाबतीत ते पक्कं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फिलिप्सचं बिटस्ट्रीम आणि मात्सुशिताचं मॅश आलं. त्या पहिल्या एक-बिट चिपांना स्वतःची दुखणी होती. शांत जागी बारीक शिट्ट्या यायच्या आणि घड्याळातला थोडासा डळमळीतपणाही त्यांना सोसायचा नाही. मग एका बिटाच्या जागी पाच-सहा बिटांचे मॉड्युलेटर आले. त्यातल्या घटकांच्या छोट्या चुका आळीपाळीने फिरवून एकमेकींत जिरवायची पद्धत आली. माझ्या मते डॅक वयात आला तो तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत.

तुमची पीसीएम १७९४ए त्याच काळातली. वरचे सहा बिट एका पद्धतीने, खालचे अठरा डेल्टा-सिग्माने, अशी तिची मिश्र रचना आहे. २ व्होल्ट आउटपुटला १२७ डेसिबलची डायनॅमिक रेंज (सगळ्यात मोठा सिग्नल आणि गोंगाट यांतलं अंतर), असं तिचं माहितीपत्रक २००४ पासून सांगतंय. २००९ च्या सुमारास ईएसएस या चिप कंपनीची ईएस ९०१८ आली. आठही चॅनल एकत्र बांधले तर १३५ डेसिबल, विकृती (डिस्टॉर्शन) उणे १२०. २०१६ मध्ये त्यांचीच ईएस ९०३८ प्रो आली, १४० डेसिबल आणि विकृती उणे १२२. सात वर्षं, नवी चिप, जाहिरातींचा धुरळा, आणि विकृतीत सुधारणा २ डेसिबलची. उणे १२० डेसिबल म्हणजे दहा लाखांत एक भाग. तुमच्या स्पीकरची विकृती मधल्या पट्ट्यात, घरगुती आवाजाला, अर्धा टक्का असली तरी तो चांगला स्पीकर. खर्जात ती काही टक्क्यांवर सहज जाते.

पुढे का जाता येत नाही, हे एका रेझिस्टरवर दाखवतो. १ किलोओहमचा साधा रेझिस्टर घ्या, कशालाही न जोडलेला. खोलीच्या तापमानाला त्याच्यातले इलेक्ट्रॉन स्वतःहून वळवळत असतात आणि २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात त्याच्या दोन टोकांवर सुमारे ०.५८ मायक्रोव्होल्टचा गोंगाट असतो. कितीही महाग रेझिस्टर घ्या, हा आकडा तेवढाच. आता २ व्होल्ट आउटपुटच्या डॅकमध्ये २४ बिटची एक पायरी किती उंच? साधारण ०.३४ मायक्रोव्होल्ट. म्हणजे चोविसावा बिट एका रेझिस्टरच्या वळवळीतच बुडाला. २ व्होल्टच्या तुलनेत ०.५८ मायक्रोव्होल्ट म्हणजे उणे १३१ डेसिबल, आणि हा फक्त एका रेझिस्टरचा हिशेब. ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी छोटी चिप), पॉवर सप्लाय, डॅकची चिप वेगळेच. गोंगाट दहापट कमी करायचा तर रेझिस्टर शंभरपट लहान हवा, १० ओहमचा. तो चालवायला ऑप-अँपला इतका करंट द्यावा लागेल की तो तिथेच विकृती करायला लागेल. म्हणून उत्तमातला उत्तम डॅक एकवीस-बावीस बिटांपाशी थांबतो. खोक्यावरचा ‘३२ बिट’ हा आकडा आत येणाऱ्या आकड्यांची रुंदी सांगतो, बाहेर पडणाऱ्या व्होल्टेजची अचूकता नव्हे. या एका छपाईने जेवढे डॅक खपलेत तेवढे कुठल्याच मोजमापाने खपले नसतील.

आणि हे सगळं खोलीत किती होतं बघा. बसल्या जागी कमाल आवाज १०० डेसिबल धरा, म्हणजे शेजारी दार ठोठावतील एवढा. डॅकचा गोंगाट त्याच्या १२० डेसिबल खाली असेल तर कानाशी तो उणे २० डेसिबल. तरुण, निरोगी कानाचा उंबरठा शून्याच्या आसपास. रात्री सगळं बंद केलं तरी शहरातल्या फ्लॅटमध्ये ३० डेसिबलच्या खाली जाणं अवघड, पंखा लावला की ४० च्या पुढे. शिवाय गाण्यातच काय आहे? आकाशवाणीच्या जुन्या टेपवरच्या मैफली आपण जीव टाकून ऐकतो. त्या टेपची सळसळच कमाल आवाजाच्या फक्त ६०-६५ डेसिबल खाली असते, म्हणजे जेमतेम अकरा बिट. त्या ऐकायला १९८२ चा प्लेअरही पुरून उरतो.

२०२० मध्ये या विषयावरचा एक मोठा प्रयोग आपोआप घडला. २० ऑक्टोबरला जपानच्या मियाझाकी प्रांतात नोबेओका इथे असाही कासेईच्या चिप कारखान्याला आग लागली, ती काही दिवस धुमसत होती. जगातल्या कितीतरी डॅकमध्ये त्यांच्याच एकेएम चिप होत्या. ‘वेल्वेट साउंड’ ही त्यांची जाहिरात, आणि हौशी मंडळींतही एकेएम म्हणजे मखमली, ईएसएस म्हणजे धारदार अशी वाटणी पक्की झालेली. चिप मिळेनाशा झाल्यावर कंपन्यांनी तीच मॉडेलं ईएसएसच्या चिपवर उतरवली. जर्मनीच्या आरएमईने त्यांचा एडीआय-२ डॅक २०२१ मध्ये असाच बदलला. डबा तोच, अँनालॉग भागाची घडण त्याच हाताची, चिप दुसऱ्याच घराण्याची. मोजमापं जवळजवळ एकावर एक बसली. मखमल आणि धार चिपमध्ये असती तर तेव्हा बोंब उठायला हवी होती.

कानांच्या चाचण्यांचं म्हणाल तर दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. २००७ मध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी अमेरिकेत एसएसीडीच्या, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या चकतीच्या, आउटपुटच्या वाटेत सीडीच्या दर्जाचा, १६ बिट ४४.१ चा अडसर घातला आणि ऐकणाऱ्यांना विचारलं, अडसर आहे की नाही? ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर. नाणं उडवूनही तेवढीच आली असती. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा बऱ्याच चाचण्यांचे आकडे एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली. सांख्यिकीच्या भाषेत हा फरक खरा, आणि आधी सराव दिलेल्या श्रोत्यांत तो आणखी वाढतो. मी त्याचा अर्थ असा लावतो की सीडीच्या दर्जाच्या काठावर, काही कानांना, काही वेळा, काहीतरी लागतं. ‘पहिल्या मिनिटात कळेल’ यापासून हे कोसभर लांब आहे.

मग दुकानात फरक का ऐकू येतो? नव्वद टक्के वेळा आवाजाची पातळी हेच कारण. आरसीए (लाल-पांढऱ्या गोल सॉकेटांच्या) आउटपुटचा रिवाज २ व्होल्टचा, पण कुणी २.१ देतं, कुणी २.५. दोन आणि अडीच व्होल्टमध्ये जवळजवळ २ डेसिबलचा फरक. एवढ्या फरकाला कान ‘जोरात’ म्हणत नाही, तो ‘भरीव’ म्हणतो, ‘मोकळा’ म्हणतो, ‘पडदा दूर झाला’ म्हणतो. यात फसण्यात कमीपणा काही नाही, कानाची घडणच तशी आहे. तुलना करायचीच असेल तर अशी करा. मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर १०० हर्ट्झचा टोन लावा. तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर धरा, जुन्या डॅकने किती व्होल्ट येतात ते लिहून घ्या. नवा डॅक जोडा आणि व्हॉल्यूम असा लावा की आकडा दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत जुळेल. टोन १०० हर्ट्झचाच घ्या, स्वस्त मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला खोटं बोलतात. मग घरातल्या कुणालातरी तुमच्या पाठीमागे वायरी बदलायला बसवा आणि कोणता चालू आहे ते न बघता दहा-पंधरा वेळा ओळखा. दुकानदार याला तयार झाला तर तो दुकानदार सोडू नका, दुसऱ्या वस्तूही त्याच्याकडूनच घ्या.

आता जिथे डॅकचा फरक खरोखर ऐकू येतो त्या गोष्टी. यातली पहिली माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त येते, म्हणून जरा विस्ताराने.

लॅपटॉपला चार्जर लावून धातूच्या अंगावर हलकं बोट फिरवलंत तर झिणझिण्या येतात, हे बऱ्याच जणांनी अनुभवलंय. दोन पिनांच्या चार्जरमधल्या एका छोट्या कॅपॅसिटरमधून थोडासा करंट गळत असतो, त्याच्या या झिणझिण्या. तो करंट लॅपटॉपच्या अंगातून यूएसबी केबलच्या जाळीत जातो, तिथून डॅकच्या अंगात, तिथून आरसीए केबलच्या जाळीतून अँपमध्ये आणि अँपच्या तिसऱ्या पिनेतून अर्थिंगला. गळती ०.२ मिलीअँपिअर धरा. आरसीएच्या बाहेरच्या कड्याचा आणि जाळीचा मिळून रोध ०.५ ओहम धरा. गुणाकार १०० मायक्रोव्होल्ट. हे व्होल्टेज थेट गाण्यात मिसळतं, कारण आरसीएमध्ये जाळी हाच सिग्नलचा परतीचा रस्ता आहे. २ व्होल्टच्या तुलनेत ते उणे ८६ डेसिबल. १२७ डेसिबलच्या डॅकची कमाई एका गंजक्या कड्याने घालवली. आणि गंज आपल्याकडे काही नवा नाही. मुंबई, कोकण, गोवा इथली खारी दमट हवा दोन पावसाळ्यांत स्वस्त सॉकेटांवरचा मुलामा खाते. त्यात अँपला टीव्ही जोडलेला असेल आणि टीव्हीला केबलवाल्याची वायर, तर तिचं अर्थिंग इमारतीच्या दुसऱ्याच टोकाला. मग घरघर आणखी वाढते.

ग्राहक येतात ते ‘डॅक खराब आहे, बदलायचाय’ म्हणत. मी आधी चार्जर काढायला सांगतो. लॅपटॉप बॅटरीवर चालला आणि घरघर थांबली, तर डॅक निर्दोष. नवा डॅक घेतला असता तरी कदाचित ती थांबली असती, कारण नव्याला बॅलन्स्ड एक्सएलआर आउटपुट असतं आणि जाळीतला करंट तिथे सिग्नलला शिवत नाही. ग्राहक म्हणाला असता, चिप काय भारी आहे! ऑप्टिकल केबलनेही हाच प्रश्न सुटतो. काचेतून किंवा प्लास्टिकमधून प्रकाश जातो, गळतीचा करंट जात नाही.

दुसरी गोष्ट आजच्या ध्वनिमुद्रणांची. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली बरीच गाणी, हिंदी-मराठी सिनेमाची तर नक्कीच, इतकी दाबून भरलेली असतात की आकडे वारंवार कमाल पातळीला टेकतात. दोन नमुन्यांच्या मधली खरी लाट त्या कमाल पातळीच्याही वर जाते, एरवी थोडी, पण ३ डेसिबलपर्यंतही जाऊ शकते. डॅकच्या डिजिटल फिल्टरमध्ये त्यासाठी जागा ठेवलेली नसेल तर लाटेचा माथा कापला जातो. बेंचमार्कसारख्या कंपनीने ३.५ डेसिबलची जागा मुद्दाम ठेवली, बहुतेक जण ठेवत नाहीत. यावर फुकटातला उपाय आहे. प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये आवाज ३-४ डेसिबलने खाली घ्या आणि अँपवर वाढवा. ‘डिजिटल व्हॉल्यूम कमी केला की बिट उडतात’ ही भीती १६ बिटांच्या साखळीतली. प्लेअरमधून २४ बिट बाहेर पडत असतील तर मनातून काढून टाका.

तिसरी, फिल्टर. हल्लीच्या डॅकवर पाच-सात फिल्टर निवडायला देतात आणि लोक आठवडे घालवतात. बहुतेकांतला फरक २० किलोहर्ट्झच्या काठाचा, चाळिशी ओलांडलेल्या कानाला तिथे काही ऐकू येत नाही. फरक कळतो तो फिल्टरच नसलेल्या, म्हणजे नॉन-ओव्हरसँपलिंग डॅकमध्ये. ४४.१ ला त्यांचा वरचा पट्टा उतरत जातो, २० किलोहर्ट्झला सुमारे ३ डेसिबल खाली. लोक याला ‘अँनालॉगसारखा ऊबदार’ म्हणतात, आणि गोड लागतोही, विशेषतः कर्कश ध्वनिमुद्रणांवर. आवडला तर जरूर घ्या, फक्त त्याला जुन्या चिपची जादू म्हणू नका. ट्रेबलचं बटण थोडं मागे फिरवलं तर जवळपास तेच हाती लागतं. या हौसेपायी फिलिप्सच्या जुन्या टीडीए १५४१ए चिपचे भाव चढलेत, आणि वर मुकुटाचं चिन्ह छापलेल्या बनावट चिप बाजारात सर्रास फिरतात. साध्या चिपचा माथा घासून नवा छाप मारलेला असतो. आर-टू-आर शिडीचे नवे डॅकही पुन्हा फॅशनमध्ये आलेत. देखणे असतात, मोजमापात बहुधा स्वस्त डेल्टा-सिग्माच्या मागे पडतात.

जिटरबद्दल, म्हणजे घड्याळाच्या डळमळीबद्दल, विचारणार हे ठाऊक आहे, तर दोनच वाक्यं. असिंक्रोनस यूएसबी आल्यापासून घड्याळ डॅकच्या ताब्यात असतं आणि चांगल्या डब्यात डळमळ पिकोसेकंदांत मोजावी लागते. संगीतात ती ऐकू यायला कितीतरी नॅनोसेकंद लागतात.

सुधारणा थांबल्यात असं मात्र नाही, त्या दुसऱ्या बाजूला चालू आहेत. किंमत आणि विजेची बचत. सिरस लॉजिकची सीएस ४३१३१ घ्या. १३० डेसिबलचा दावा, हेडफोनचा अँपही आतच, आणि हे सगळं मोबाईलला लटकणाऱ्या बोटभर डोंगलमध्ये. अँपलचा हजाराच्या आसपास मिळणारा पांढरा डोंगलसुद्धा इअरफोनसाठी पुरेसा स्वच्छ आहे, फक्त काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज फार कमी राहतो. ऐंशीच्या दशकात ज्याला वेगळं टेबल लागायचं ते आज खिशात मावतं. कुणी मला तंत्रज्ञान पिकल्याची खूण विचारली तर मी तो डोंगल दाखवीन.

सॉफ्टवेअरमध्येही बराच काळ घोळ होता. विंडोजला यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या आवृत्तीचा स्वतःचा ड्रायव्हर मिळाला तो २०१७ मध्ये. अँड्रॉइडचा मिक्सर वर्षानुवर्षं जवळपास सगळं ४८ किलोहर्ट्झला बदलून पाठवायचा, न बदलता डॅककडे पाठवायची सोय अँड्रॉइड १४ मध्ये, २०२३ साली आली. नवनवे फॉरमॅट आणून डॅक बदलायला लावण्याचा खेळही एकदा रंगून गेला. एमक्यूए २०१४ मध्ये वाजतगाजत आलं, कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि टायडल या स्ट्रीमिंग सेवेनेही पुढच्या वर्षी साध्या फ्लॅक फॉरमॅटची वाट धरली. डब्यावरचा एमक्यूएचा दिवा आता नुसता दिवा उरला. आणि ब्लूटूथ इअरबड वापरत असाल तर हा सगळा विषयच गैरलागू: डॅक कानातल्या बोंडात आहे, टेबलावरचा डॅक त्याच्या वाटेत येतच नाही.

तुमचे चाळीस हजार मी खोलीत घालीन. १० बाय १२ फुटांची खोली असेल तर १२ फुटांच्या बाजूला ४७ हर्ट्झच्या आसपास आणि १० फुटांच्या बाजूला ५६ च्या आसपास हवा डोलायला लागते. एका जागी बसलं तर तबल्याचा बायाँ घुमतो, दोन फूट सरकलं तर गायब. हा फरक १० ते १५ डेसिबलचा असतो, आणि आपण डॅकमधल्या उणे १२० वर चर्चा करतोय. मोजमापाचा यूएसबी माईक, रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर, एक रविवार. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढणं, बसायची जागा बदलणं, मागच्या भिंतीला पुस्तकांची भरलेली मांडणी, आणि उरलेल्या दोन-तीन उंचवट्यांना ईक्यूने, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करण्याच्या सोयीने, खाली दाबणं. नवा डॅक घ्यायचं पटण्यासारखं कारण मला यात एकच दिसतं: आत पॅरामेट्रिक ईक्यू असलेला डॅक मिळाला तर हे काम लॅपटॉपवर अवलंबून राहत नाही. बॅलन्स्ड आउटपुट किंवा रिमोट हवा म्हणून घेतलात तरी माझी हरकत नाही. तेवढ्यासाठी दहा-पंधरा हजारांपासून पुढे चोख वस्तू मिळतात.

तुमच्या जुन्या डॅकची चिप म्हातारी होत नाही, पण तिच्या शेजारचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर होतात. १०५ अंशाला २,००० तासांचा कॅपॅसिटर घ्या. तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट, म्हणजे ५५ अंशाला ६४,००० तास. बंद कपाटात, अँपच्या डोक्यावर, चोवीस तास चालू ठेवलेल्या डॅकच्या आत ५५ अंश सहज होतात, आणि ६४,००० तास म्हणजे सात वर्षं आणि थोडे महिने. डॅक कायम चालू ठेवत असाल तर तुमचे केव्हाच निवृत्तीला आलेत. चार्जर काढूनही बारीक १०० हर्ट्झची गुणगुण राहत असेल, तर तिथेच बघा. पॉवर सप्लायचे सगळे बदलून घ्यायला भागांचा खर्च काही शे रुपये. कारागिराला सांगा: १०५ अंशाचेच लाव, मायक्रोफॅरड मूळचेच ठेव, व्होल्ट एक पायरी वरचे चालतील, खालचे नाही, आणि जुने काढण्याआधी बोर्डाचा फोटो घे, म्हणजे उणेची पट्टी उलट्या बाजूला जाणार नाही.